जेऊरची केळी, ज्वारीच्या लाह्या आणि एक साखरपुडा

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण सोडते आणि थोड्याच वेळात भीमेचे पाणी ओलांडते. नदी म्हणून ओलांडावे असे ते पाणी आता उरलेले नाही. तो उजनीचा फुगवटा आहे, आणि हिवाळ्यात त्याच्या काठावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पुढे जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशी लहान लहान स्थानके मागे पडतात आणि जेऊर येते. करमाळा तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. तालुक्याचे ठिकाण रेल्वेपासून आत असल्यामुळे कमलाभवानीच्या दर्शनाला जाणारे कितीतरी भाविक पूर्वीपासून इथेच उतरत आले आहेत. याच मार्गावर कुर्डुवाडीच्या बाजूला केम लागते, ज्याचे कुंकू महाराष्ट्रभर जाते. जेऊरचे नाव मात्र कोणत्याही एका वस्तूशी जोडलेले नव्हते. अलीकडे ते जोडले गेले आहे, आणि ती वस्तू म्हणजे केळी.

१९८६ ते १९८९ या काळात बँकेच्या नोकरीनिमित्त मी याच तालुक्यात होतो. कर्जाचे अर्ज तपासताना पिकाच्या रकान्यात ज्वारी, तूर, करडई हे तीनच शब्द पुन्हा पुन्हा दिसत. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले होते, पण पाणी काठाशी आले म्हणून ते लगेच शेतात येत नाही. आधी वीज, मोटार आणि जलवाहिनी यांसाठी कर्ज लागते आणि ते फेडण्याचा धीर लागतो. ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांतील अनेकांनी नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून संसार मांडला. आज फुगवट्याच्या काठाने कंदर, वाशिंबे या बाजूला फिरताना दुतर्फा केळीच्या बागा दिसतात. हे हिरवेपण कोणाच्या बुडालेल्या अंगणावर उभे आहे, याची आठवण त्या वेळच्या माणसाला होतेच.

हिशेबाची सवय सुटत नाही, म्हणून सांगतो. सहा फूट बाय पाच फूट अंतर धरले, तर एकरी साधारण साडेचौदाशे रोपे बसतात. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीचे रोप, ठिबक सिंचन आणि जवळजवळ वर्षभराची प्रतीक्षा. घड निसवला की त्यावर पिशवी चढते. आखाती देशांकडे जाणारा माल पूर्ण हिरवा असतानाच उतरवतात, फण्या वेगळ्या करतात, चीक उतरावा म्हणून पाण्यात सोडतात आणि तेरा-तेरा किलोच्या खोक्यांत भरतात. ज्या फणीला ओरखडा आहे, जिचे केळे आखूड अथवा वाकडे आहे, ती बाजूला काढली जाते. परदेशच्या दृष्टीने ती नापास. आमच्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने मात्र याहून सोयीची वस्तू नाही. बटाटा वर्ज्य असलेल्या घरात कच्चे केळे काय काय सांभाळते, हे या अंकाच्या वाचक भगिनींना मी सांगण्याची गरज नाही.

विषय निघाला तो साखरपुड्यावरून. माझ्या थोरल्या भगिनी, आमच्या आक्का, जेऊरला असतात. वय ७९. त्या व्रती आहेत. पाणी गाळल्यावर दोन घटिकांपुढे वापरत नाहीत. पिठाची मर्यादा काटेकोर पाळतात : थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. सूर्यास्तानंतर अर्थातच काही नाही. याचा परिणाम असा, की गेल्या वीस वर्षांत घरातल्या कोणत्याही मोठ्या समारंभात आक्का जेवल्याचे मला आठवत नाही. त्या घरून जेवून येत, मांडवात सर्वांची विचारपूस करीत आणि हात मांडीवर ठेवून बसत. कोणी आग्रह केला तर हसून म्हणत, "माझे झाले आहे, तुम्ही घ्या." आम्हीही ते गृहीत धरले होते.

त्यांच्या नातीने ते गृहीत धरले नाही. ती पुण्यात नोकरी करते. साखरपुडा जेऊरच्या घरीच, माघ महिन्यात, सत्तर माणसांचा. जेवणाची यादी करताना तिने पहिलीच अट घातली : आधी जो पदार्थ फिरेल, ज्याला आता सगळेच स्टार्टर म्हणतात, तो आजी सर्वांबरोबर खाईल असाच हवा. "आजी ताटाला हात लावणार नसेल तर मला ते फिरवायचेच नाही," एवढेच ती बोलली. आक्कांना हे अवघड वाटले. आपल्यासाठी सत्तर माणसांना त्रास कशाला, हा त्यांचा स्वभाव. दोन दिवस त्या नातीशी नीट बोलल्याही नाहीत.

अडचण खरी होती. 'जैन' अशी पाटी लावून जे पदार्थ समारंभांत फिरतात, त्यांतून कांदा, लसूण व बटाटा काढलेला असतो हे खरे. परंतु वरचा चुरा पावाचा असतो आणि पाव यीस्टने फुगवलेला असतो. सोबतच्या तयार सॉसच्या बाटलीवरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली, तर लसणाची पूड निघते. पीठ कधी दळले, याचे उत्तर कोणाकडेच नसते. आचारी बिचारा खोटे बोलत नाही. त्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलेलाच नसतो. म्हणजे आक्कांसाठी करायचे तर दाण्यापासून आरंभ करणे भाग होते.

कच्च्या केळीचे कटलेट ठरायला वेळ लागला नाही. बागेतून बाजूला काढलेल्या फण्या घरापासून दोन मैलांवर मिळत होत्या. खोळंबा झाला तो पावाच्या चुऱ्यापाशी. कुरकुरीतपणा कशाने आणायचा? रवा लावून पाहिला, तो दाताखाली करकरतो. तांदळाची पिठी पांढरट दिसते. तेव्हा आक्का पहिल्यांदा त्या चर्चेत बोलल्या : "लाह्या लावा की. ज्वारीच्या."

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ज्वारीचे कौतुक सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण रब्बीच्या शेतांत पिढ्यान् पिढ्या टिकून आहे. पण भाकरीची टपोरी ज्वारी लाह्यांना तितकीशी फुलत नाही. त्यासाठी बारीक, कडक दाण्याची लागते. आक्कांनी ती शेजारच्या वाडीवरून मागवली. समारंभाच्या तीन दिवस आधी त्यांच्या देखरेखीखाली लाह्यांचे काम सुरू झाले. दाणे उजेडात निवडले, कोमट पाण्याचा हबका मारून तासभर झाकून ठेवले. लोखंडी कढई चांगली तापल्यावर एका वेळी मूठभरच दाणे टाकायचे आणि फडक्याच्या बोळ्याने हलवत राहायचे. जास्त टाकले तर निम्मे दाणे न फुटता करपतात. लाह्या थंड झाल्यावर सुपात पाखडून न फुललेले दाणे काढले आणि मिक्सरमध्ये एकच फेरा देऊन जाडसर भरड केली. पीठ होऊ द्यायचे नाही. ज्यांना पावाच्या चुऱ्याची सवय आहे त्यांनी ही भरड एकदा लावून पाहावी. तळल्यावर ती अधिक हलकी लागते आणि तिला भाजलेल्या धान्याचा स्वतःचा वास असतो.

आता प्रमाण. साठ नगांसाठी मध्यम आकाराची वीस-बावीस कच्ची केळी लागतात. ती अगदी हिरवी हवीत. पिवळी झाक आली की गोडवा उतरतो आणि सारण सैल पडते. केळी न सोलता, केवळ देठ काढून, कुकरमध्ये वाफवावीत. साल काळी पडते, त्याला घाबरू नये. सालीसकट वाफवल्याने हाताला चीक लागत नाही. सोलून लगेच किसावीत आणि कीस स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना मळला तर त्याचा डिंक होतो, मग कितीही पीठ घातले तरी कटलेट घशाशी चिकटते. गार किसात पाव किलो ज्वारीचे पीठ खमंग भाजून घालावे, दीड वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाड कूट, हिरव्या मिरच्या, जिरे, थोडी सुंठ, हळद, आमचूर व सैंधव. कोथिंबीर आपापल्या नियमानुसार. बाजारचा हिंग बहुधा पिठात मिसळलेला येतो, म्हणून आम्ही तो घातलाच नाही आणि त्याची उणीव कोणाला जाणवली नाही. बेसनही वगळले. बेसन घातले की दह्याची चटणी देता येत नाही, द्विदलाचा प्रश्न येतो. सत्तर पाहुण्यांत कोण काय कशात बुडवील याचा नेम नाही. दही तर ठेवलेच नाही. सोबत चिंच-गुळाची चटणी केली, तीही सकाळी.

हाताला तेल लावून चपट्या वड्या थापाव्यात. भरडीत थोडे तीळ मिसळून त्यात वड्या दाबून घोळवाव्यात. कढईत सोडू नयेत, लाह्या तेल पितात. लोखंडी तव्यावर घाण्याचे शेंगतेल बेताने सोडून मध्यम आचेवर दोन्ही बाजू तांबूस कराव्यात. एका बाजूला चार मिनिटे तरी लागतात. आच वाढवून घाई केल्यास भरड करपते आणि आत केळे थंडच राहते.

आमच्याकडे हेच प्रमाण तिप्पट होते. घरातल्या पाचजणी आणि दोन पुरुष, त्यांत मीही, सकाळपासून बसलो. नवऱ्या मुलाकडची माणसे पुण्याहून दुपारच्या गाडीने उतरली. विधी चार वाजता झाला. मुद्दाम तसाच ठेवला होता, कारण त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो आणि जेवण त्याआधी उरकायचे होते. पाच वाजता ताटल्या फिरू लागल्या. नातीने पहिली ताटली आक्कांपुढे नेली. आक्कांनी विचारले, "पाणी कधी गाळले?" नातीने घड्याळ पाहून वेळ सांगितली. "पीठ?" "परवाचे, आजी. तूच दळायला दिले होतेस." मग आक्कांनी उजेडाकडे धरून एक कटलेट मोडले, नीट पाहिले आणि खाल्ले. नंतर दुसरे घेतले. मुलाच्या आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या दोघी लाह्या कशा फोडल्या यावर इतक्या बोलत बसल्या, की फोटोसाठी त्यांना दोनदा बोलवावे लागले.

खर्चाचे कोणी विचारील म्हणून नोंदवतो : नगामागे जे पडले ते बाहेरून आणलेल्या पदार्थाच्या निम्म्याहूनही कमी होते. त्यात सात माणसांचे दिवसभराचे श्रम धरलेले नाहीत, आणि ते ज्या घरात धरावे लागतात तिथे हा बेत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार जणांच्या घरात पंचवीस नग हीच मर्यादा ठीक.

एकशे ऐंशीपैकी बावीस नग उरले. शिळे ठेवायचे नव्हते, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी भाच्याने ते ज्या बागेतून केळी आणली होती तिथल्या तोडणीच्या टोळीकडे नेऊन दिले. त्यांनी ते आवडीने खाल्ले. केळी आपलीच आहेत हे त्यांना आधी पटेना. नंतर त्यांतल्या एकाने विचारले, पुढच्या वेळी याच्याबरोबर लसणाची चटणी मिळेल का?