वर्ग केला की चिन्ह जातं

मी संख्याशास्त्र आणि वित्तीय अर्थमिती शिकवतो, हे डोंबिवलीत कळायचा अवकाश, की लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो, "सर, मार्केट वर जाणार की खाली?" दिशा मला सांगता येत नाही. बाजार किती हलेल, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो. माझं सगळं शिकवणं या फरकावर उभं आहे.

मार्च 2020 मधले सेन्सेक्सचे काही दिवस मी फळ्यावर लिहितो. 12 तारखेला 8 टक्क्यांहून जास्त खाली, 13 ला 4 टक्के वर, 16 ला पुन्हा जवळपास 8 टक्के खाली, 23 ला 13 टक्के खाली, 25 ला जवळपास 7 टक्के वर. मुलं अधिक-उणे चिन्हांत क्रम शोधतात, सापडत नाही. मग सांगतो, प्रत्येक आकड्याचा वर्ग करा. चिन्हं जातात, उरतात एकमेकांना खेटून बसलेले मोठे आकडे. मुंब्र्याजवळ एक गाडी रखडली की मागच्या सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडतं, हे ठाणे-कल्याणच्या मुलांना समजावावं लागत नाही. रॉबर्ट एंगल यांनी 1982 मध्ये ब्रिटनच्या महागाईत मोठ्या हालचालींमागे मोठ्या हालचाली येण्याची हीच चाल पकडली. 2003 च्या नोबेलचे ते एक मानकरी.

संगणकावर असा अंदाज दोन ओळींत निघतो. तरी आधी वहीत करून घेतोच. केंब्रिजला शिकून आलेल्या वसंतराव हुजूरबाजारांनी 1953 साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्यांना गुरुस्थानी मानणारे आम्ही. सूत्र हातात खेळवल्याशिवाय वापरणं मला पटत नाही.

हा अंदाज बांधण्याची रिस्कमेट्रिक्स नावाची रीत सोपी आहे. जुन्या प्रचरणाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाला, 0.94 भार, ताज्या परताव्याच्या वर्गाला 0.06. कालपर्यंत प्रमाण विचलन 1 टक्का होतं आणि आज बाजार 8 टक्के पडला, असं धरा. 0.94 अधिक 0.06 गुणिले 64, म्हणजे 4.78. वर्गमूळ 2.19. एका दिवसात अंदाज दुपटीच्या वर गेला. बाजार 8 टक्के चढला असता, तरी उत्तर हेच.

इथे मी खडू ठेवतो आणि वाट पाहतो. कुणीतरी विचारतंच, "सर, पण पडल्यावर लोक जास्त घाबरतात ना? मग दोन्हींचं उत्तर सारखं कसं?" वहीत स्वतः 64 मांडलेल्या मुलालाच हे खुपतं. डॅनियल नेल्सन यांनी 1991 मध्ये पडझडीला आणि चढाला वेगळी वागणूक देणारं प्रतिमान मांडलं. पुढचा तास त्याचा.