झुरिकची ऊब

झुरिक शहरीं जाणारे आपल्याकडील प्रवासी सरोवर पाहतात, घड्याळांच्या दुकानांपुढें घटकाभर उभे राहतात आणि आल्प्सच्या वाटेस लागतात. आमचें पाऊल मात्र लिमात नदीच्या कांठीं अंमळ रेंगाळलें. १६९८ सालीं पुरी झालेली तेथील जुनी नगरसभेची इमारत नदीच्या पात्रांतच उभी आहे. या इमारतीस १९३८ पासून २००१ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षें, हिंवाळ्यांत ऊब मिळत होती ती त्या गारठलेल्या नदीच्या पाण्यापासूनच! वाचकांस ही थट्टा वाटेल. परंतु एशर वीस कारखान्यानें बसविलेला तो 'हीट पंप' नदीचें थंड पाणी आणखी थंड करी, आणि त्यांतून काढलेली उष्णता घरांतील नळांच्या पाण्यास देऊन तें सुमारें ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवी.

यांत जादू कांहीं नाहीं. घरच्या रेफ्रिजरेटरच्या पाठीमागें हात धरून पाहावा. आंतल्या दुधाभाजीची उष्णता तेथें बाहेर पडतांना लागते. हीट पंप हेंच काम उलट हेतूनें करतो. अगदीं थंडींतही उकळणारा एक द्रव बाहेरच्या हवेची वा पाण्याची ऊब घेऊन वाफ होतो. ती वाफ दाबली कीं कढत होते, आणि उष्णता घरांत सोडून पुन्हा द्रव बनते. वीज लागते ती मुख्यतः दाबण्याच्या कामीं.

आमच्या भाच्याचें घर शहराबाहेर एका टेकडीच्या उतारावर आहे. तळघरांत वीस वर्षांचा गॅसचा बॉयलर. त्याचें तापलेलें पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरतें. (अमेरिकेंत बहुधा पाण्याऐवजीं हवाच भट्टींत तापवून घरभर खेळवितात.) आमच्या ताईनें, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, पुण्याहून आल्या दिवशींच त्याला 'बंब' हें नांव दिलें, आणि तें यथार्थ आहे : जळण घालावें, तेवढी ऊब घ्यावी.

झुरिक प्रांतानें नोव्हेंबर २०२१ मध्यें लोकमतानें एक कायदा मान्य केला व १ सप्टेंबर २०२२ पासून तो अमलांत आला. बॉयलर बदलण्याची वेळ आली असतां, पर्यायी व्यवस्थेचा आयुष्यभराचा खर्च पांच टक्क्यांहून अधिक चढत नसेल, तर पुन्हा तेलाचा वा गॅसचा बॉयलर बसवितां येत नाहीं. भाच्याची चिंता निराळीच होती. हा बंब ऐन जानेवारींत बसला, तर सत्त्याहत्तर वर्षांच्या आईस कोठें ठेवावें?

हिशेब आम्हीं दोघांनीं रात्रीं मांडला. उत्तम गॅस बॉयलर शंभर भाग इंधनांतून नव्वदांहून अधिक भाग उष्णता देतो. चांगला हीट पंप विजेच्या एका युनिटास तीन, क्वचित् चार युनिटें देतो. पण विजेचें युनिट गॅसच्या तिपटीहून महाग असेल, तर घरधन्याच्या खिशास त्याचा लाभ कोणता? शिवाय पंप बसविण्याचा खर्च बॉयलरहून पुष्कळच अधिक. उलटपक्षीं २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धानें गॅसचे भाव कसे भडकले, हें तेथील गृहस्थ विसरलेले नाहींत. आणि स्वित्झर्लंडची बहुतेक वीज पाण्यापासून व अणुशक्तीपासून होत असल्यानें धुराचा दोषही थोडा.

शेजाऱ्याच्या बागेंत हवेवर चालणारा पंप होता. एके सकाळीं त्यांतून वाफ उसळतांना पाहून ताई घाबरली. "अरे, पेटलें कीं काय तें?" पेटण्यासारखें तेथें कांहींच नव्हतें. कडक थंडींत बाहेरच्या पेटीवर हिम सांचतें, व तें वितळविण्यासाठीं यंत्र कांहीं मिनिटें उलटें चालतें. अशा दिवशीं त्याची कमाई घटते. एकास दोनच मिळाले तरी पुष्कळ.

"मामा, खरी मेख रेडिएटरांत आहे," भाचा म्हणाला. पाणी जितकें कढत मागावें, तितकी वीज अधिक. शेजाऱ्याच्या फरशीखालीं नळ्या असल्यानें त्यांना ३५ अंशांचें पाणी पुरे. याचे रेडिएटर ६५ अंशांना सोकावलेले.

ताई म्हणाली, "तुमचे हिशेब राहूं द्या. माझे पाय गारठतील कीं नाहीं, तेवढें सांगा."

मग आम्हीं परीक्षाच घेतली. बाहेर उणें ६ अंश असतां बॉयलरचें पाणी ५० अंशांवर आणून आठवडाभर तसेंच ठेविलें. सर्व खोल्या २० अंशांवर राहिल्या. ताईची उत्तरेकडील खोली तेवढी १७ वर उतरली. भाच्यानें तिला त्याच रात्रीं दक्षिणेकडील खोलींत हलविलें, तिच्या खिडकीच्या फटी बुजविण्यास व तेथें दुप्पट मोठा रेडिएटर बसविण्यास माणूस ठरविला, आणि जूनमध्यें हीट पंप बसविण्याचें कारागिरास सांगितलें. ताईची अट एकच होती : ती घुमणारी पेटी आपल्या खिडकीखालीं नको. कारागिरानें जागा मोजून स्वयंपाकघराच्या बाजूस खडूनें खूण केली.