फूड, वूड, गोल्ड, स्टोन

दहावीच्या सुट्टीत, तेव्हाच्या उस्मानाबादेत, तासाला पंधरा रुपये मोजून मी सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स 2' खेळायला लागलो. गेम 1999चा, आमच्यापर्यंत पोचायला दोन-तीन वर्षं गेली, तोही कुणीतरी पुण्याहून आणलेल्या कॉपी सीडीवरून. तोवर गेम म्हणजे टीव्हीला जोडायची कॅसेट. मारिओ, काँट्रा. उड्या मारा, गोळ्या झाडा. इथे मात्र बराच वेळ लढाईच नाही. मेंढ्या हाका, झाडं तोडा, माणसं कामाला लावा. वरच्या पट्टीत चार आकडे: लाकूड, धान्य, सोनं, दगड. कॅसल बांधायचा तर 650 दगड हवेत. त्या हिशेबानंच मला पछाडलं. आजही नवा स्ट्रॅटेजी गेम हाती आला की मी फौज नंतर बघतो, आधी कोठार.

लोडशेडिंगला कॅफेचा इन्व्हर्टर दगा द्यायचा आणि सेव्ह न केलेलं साम्राज्य गडप व्हायचं. त्याचं दुःख घरी सांगायची सोय नव्हती.

एकदा चुलते मला शोधत कॅफेत आले. रागावणार, तर खुर्चीमागं उभं राहून बघतच बसले. मी 60 लाकडं खर्चून शेत घातलं. लगेच माणूस राबायला लागला.

"ह्याला पाणी कुठलं रे?"

"लागत नाही, काका."

"मग हा खेळ आपल्याकडचा न्हाई."

खरंच, त्या गेममध्ये पाणी फक्त मासे आणि जहाजांपुरतं. कुणाला तहान लागत नाही, बोअर आटत नाही.

पुढं कॉलेजात असताना नळदुर्गला गेलो. आधी खेळाडूच्याच नजरेनं पाहिलं: एवढ्या तटाला दगड किती, उपळी बुरुजावरून मारा कुठवर. मग पाणीमहालात उतरलो आणि हिशेब चुकला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613मध्ये, बोरी नदीवर धरण घातलं, किल्ला पलीकडच्या रणमंडळ किल्ल्याला जोडला आणि धरणाच्या पोटातच महाल बांधला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं, आतला माणूस कोरडा. पाचवा आकडा इथं दगडात बांधून ठेवलेला होता.

2022मध्ये त्याच गेमचा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार आला. द्रविड, बंगाली, गुर्जर, सगळे त्यात आहेत. मी घाईनं द्रविड निवडले, पहिलं शेत घातलं. 60 लाकडं. पाणी अजून लागत नाही.