मानसपूजेची सीडी

गेल्या दसऱ्याला पूजेत हत्यारं मांडायची म्हणून कपाट उपसलं. आमच्या घरी हत्यारं म्हणजे काय असणार? स्क्रूड्रायव्हरचा संच, सौ.ची कात्री, भाजीची सुरी आणि दोघांचे लॅपटॉप. वरच्या फळीवर, लोकरीच्या टोप्यांमागे, एक छोटा काळा लॅपटॉप सापडला. शाळेतल्या पाटीएवढा. बॅटरी फुगल्यामुळे त्याचं बूड टम्म झालं होतं. "आतातरी टाकून दे बाई तो," सौ. म्हणाली. "टाकतो," म्हटलं, आणि आधी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मंडळी, त्यामागची ही गोष्ट.

साल २००९. आपल्यापैकी पुष्कळांना तो काळ आठवत असेल. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हडसनच्या आपल्या काठावर, एक्स्चेंज प्लेसच्या काचेच्या इमारतींतून माणसं हातात पुठ्ठ्याची खोकी घेऊन बाहेर पडू लागली. आपला हा किनारा तेव्हा 'वॉल स्ट्रीट वेस्ट' म्हणवून घ्यायचा. पलीकडे शिंक आली की इकडे सर्दी ठरलेली. आमची पाळी मे महिन्यात आली. गळ्यातलं ओळखपत्र आणि ऑफिसचा लॅपटॉप जमा केला, खोकं घेतलं आणि भरदुपारी पाथ ट्रेनने जर्नल स्क्वेअरला उतरलो. दुपारी दोन वाजता त्या गाडीत बसायला जागा मिळते, हे मला त्या दिवशी कळलं.

ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी हातात आलं होतं, म्हणून देश सोडायची पाळी आली नाही. सौ.च्या पगारात घरभाडं निघत होतं. पण अर्ज पाठवायला संगणक हवा होता, म्हणून तीनशे डॉलरला तो छोटा लॅपटॉप घेतला. नेटबुक म्हणत त्यांना. एसूस कंपनीने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सात इंची 'ई पीसी' काढला आणि वर्षभरात झाडून सगळ्या कंपन्यांनी तसले लॅपटॉप आणले. वजन कमी, किंमत कमी, बॅटरी जास्त वेळ टिकावी, म्हणून त्यांतून सीडी ड्राइव्हच काढून टाकलेला. मला त्याचं काही वाटलं नाही. बायोडेटा पाठवायला सीडी कशाला लागते?

पण जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे. उन्हाळी शिबिराचे पैसे भरायचे नाहीत, असं आम्ही दोघांनी रात्री हळू आवाजात ठरवलं होतं. एका यार्ड सेलमध्ये त्याने एक डॉलरला 'एज ऑफ एम्पायर्स २' ची सीडी मिळवली होती. १९९९ सालचा खेळ. गावं वसवायची, लाकूड तोडायचं, किल्ले बांधायचे, लढाया मारायच्या. सीडी हातात धरून त्याने लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून पाहिला, वासराचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते शोधावं तसा. मग विचारलं, "बाबा, हे ह्याला भरवायचं कुठून?"

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह बाजारात मिळत होता, पण त्या महिन्यात तेवढे पैसे खेळावर घालवायचं जिवावर आलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांचा जुना पिवळट पडलेला डेस्कटॉप कामी आला. बदल्यात त्यांचा प्रिंटर दुरुस्त करून दिला. त्यांच्या ड्राइव्हमध्ये सीडी घालायची, तिचा हुबेहूब साचा, म्हणजे एक भलीमोठी फाइल, तयार करायची, ती पेनड्राइव्हवर घालून वर न्यायची आणि आपल्या लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम टाकायचा. हा प्रोग्राम म्हणजे लबाडीचा कळस. तो विंडोजला सांगतो की ह्या यंत्राला सीडी ड्राइव्ह आहे आणि त्यात सीडीही घातलेली आहे. खेळ सुरू होताना विचारतो, सीडी आहे का? हा बिनदिक्कत म्हणतो, आहे!

माझी आजी शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पडल्या पडल्या मानसपूजा करायची. मनातल्या मनात देवाला स्नान, मनातल्या मनात फुलं, मनातल्या मनात शिऱ्याचा नैवेद्य. हा ड्राइव्ह त्यातलाच. पोराला मी तसंच समजावलं, आणि आमच्या घरात त्या प्रोग्रामचं नाव 'मानस-ड्राइव्ह' पडलं.

पुढची अडचण वेगळीच होती. पडद्याची उंची जेमतेम ६०० ठिपके. त्यामुळे मोठ्या खिडक्यांची खालची बटणं पडद्याबाहेर जायची. 'नेक्स्ट' दाबायचं, पण 'नेक्स्ट' दिसतच नाही! मी अर्धा तास डोकेफोड केली. चिरंजीवांनी एंटर दाबला आणि गाडी पुढे गेली. "ते खाली असणारच ना बाबा, दिसत नसलं तरी." एका दिवसात तो माझ्यापेक्षा मोठा मानसपूजक झाला होता.

मग आमचा दिनक्रम बसला. अकरापर्यंत मी अर्ज पाठवायचे, त्याने वाचन करायचं. अकरानंतर लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणि आम्ही दोघं एका खुर्चीत. विल्यम वॉलेसच्या मोहिमेपासून सुरुवात केली. "ह्यात शिवाजी महाराज कुठे आहेत?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. नाहीत म्हटल्यावर स्कॉटलंडच्या त्या सैन्याचे आम्ही मावळे केले. खोटं कशाला सांगू, रात्री तो झोपल्यावर मी एकटाही खेळायचो. दिवसभर पाठवलेल्या अर्जांना उत्तर येत नसे. इथे निदान माणसाला लाकूड तोड म्हटलं की तो तोडायचा.

आणि रविवार आला की स्काइप. सकाळी साडेनऊला, म्हणजे डोंबिवलीत संध्याकाळी सातला, अण्णा धाकट्या भावाच्या संगणकासमोर बसायचे. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. "काम काय म्हणतंय?" "चाललंय." एवढंच. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला इतक्या लांबून घोर कशाला लावायचा, असं मी सौ.ला सांगायचो. खरं तर मला त्यांच्यासमोर बेकार म्हणून बसायची लाज वाटत होती.

आजोबा-नातवाचं मात्र मस्त जमलं होतं. दिवाळीतल्या किल्ल्याचा अनुभव अण्णांच्या पाठीशी होता. "किल्ला उंचावर बांध रे, सपाटीवर बांधलास तर लुटतील." पोराने टेकडी शोधून तिथे बांधला. नंतर माझ्या लक्षात आलं की त्या खेळात खरोखरच उंचावरून केलेला मार जास्त बसतो. अण्णांनी तो खेळ कधी हातात धरला नव्हता.

जुलैतल्या एका रविवारी पोरगं उठून गेलं आणि अण्णा म्हणाले, "मला एक सांग. ह्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही म्हणालास ना? मग तो खेळ चालतो कसा?"

कामाबद्दल विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. मी उत्साहाने मानस-ड्राइव्ह समजावून सांगितला. साचा, प्रोग्राम, खेळाचा प्रश्न, प्रोग्रामचं उत्तर.

"म्हणजे ड्राइव्ह नाही, सीडी नाही. पण सगळं जागच्या जागी आहे असं दाखवायचं."

"बरोबर."

"किती दिवस झाले?"

"ड्राइव्हला?"

"नोकरीला."

मी उत्तर द्यायच्या आत चित्र गोठलं, स्काइपचं जायचं तसं. आवाज मात्र येत होता. अण्णा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. कोण आला, कोण आला नाही, कोणाच्या नावावर कोणी बिल्ला टाकला, ह्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. नातू सांगायचा, मंगळवारी दुपारी बाबाने आणि मी भिंत बांधली, गुरुवारी दुपारी बाबाने हत्ती मारले. गैरहजेरी त्यांनी कधीच पकडली होती. "मे महिन्यापासून," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "१८ जानेवारी ८२ पासून मी घरी होतो. आठवतं?"

न आठवायला काय झालं! डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. कामगारच नाहीत, तर टाइम ऑफिसात हजेरी कोणाची लावणार? मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. लालबागच्या खोलीत, पाटावर खडूने घरं आखून अण्णांनी मला बुद्धिबळ शिकवलं. सोंगट्या म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची बुचं. एका बाजूला थम्स अप, दुसरीकडे गोल्ड स्पॉट, आत शाईने 'रा', 'व', 'उं', 'घो', 'ह'. सकाळ-दुपार आम्ही खेळायचो. त्या वर्षी आपले वडील घरी आहेत ह्याचा मला केवढा आनंद झाला होता!

"तेव्हा गावी आबांना दर पंधरवड्याला कार्ड टाकायचो," अण्णा म्हणाले. "इकडील सर्व ठीक, संप मिटतोच आहे. तुलाही काही कळू दिलं नाही."

"मला कळलं होतं, अण्णा. दुधाचा रतीब बंद झाला होता."

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मला वाटलं आता आवाजही गेला. मग ते म्हणाले, "मग तुझ्या पोरालाही कळलं असणार. विचार त्याला."

त्याच दिवशी विचारलं. त्याने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "हो. दारामागच्या खिळ्यावर तुझं कार्ड नसतं ना हल्ली." आणि मला शेतं पेरायला सांगितली.

नोव्हेंबरात नोकरी लागली, नेवार्कला. अण्णांना त्याच मिनिटाला फोन केला. तिकडे मध्यरात्र होती, तरी केला. चिरंजीवांनी मात्र बातमी ऐकून विचारलं, "म्हणजे आता तू दुपारी नसणार?" पुढच्या सुट्टीत तो खेळ पुन्हा उघडला, पण शिबिरही होतंच, आणि हळूहळू लॅपटॉप टोप्यांमागे गेला.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. अण्णा त्या गिरणीत परत गेले नाहीत. भायखळ्याला एका दुकानात हिशेब लिहू लागले. २०२५ च्या मे महिन्यात स्काइपही बंद झालं. त्या खेळाची मात्र २०१९ साली नवी आवृत्ती आली. २०२२ मध्ये त्यात हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड आले तेव्हा चिरंजीवांचा कॉलेजातून निरोप आला: मराठे अजून नाहीत, आजोबांना सांगू नकोस.

मागच्या खेपेला डोंबिवलीला गेलो, तेव्हा दोघं बुचांनी खेळत बसले होते. अण्णांना आता बुचांच्या आतली अक्षरं दिसत नाहीत, पण कुठलं बूच कुठे आहे ते पाठ असतं. थम्स अपचा वजीर हरवलाय. त्याच्या घरात नातवाने खिशातलं न्यू जर्सीचं क्वार्टर ठेवलं होतं, नावेतून नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचं. अण्णा त्याला वजीरच म्हणत होते.