बसखाली जाण्याआधी

१२ मीटर लांबीच्या आरामबसच्या मागच्या अॅक्सलवर साधारण १० टन भार येतो. त्यातून चाकं, ड्रम आणि हाउसिंग यांचं वजन वजा केलं तरी नऊएक टन उरतात, आणि ते चार रबरी बलूनमधल्या हवेवर तोललेले असतात. एका बलूनच्या वाट्याला सव्वादोन टन. भार पेलणारं त्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो निघतो. हा दाब काही अचाट नाही. ट्रकच्या टायरमध्ये याहून जास्त हवा असते. पण टायर फुटला तर गाडी रिमवर टेकते. बलून फुटला तर गाडीचं धड बंपस्टॉपपर्यंत खाली येतं, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर, आणि ते क्षणात येतं. त्या वेळी सामानाच्या डिकीच्या तळाखाली कोणी पडलेला असेल, तर त्याची छाती मावेल इतकी जागा तिथे उरत नाही. या कामाबद्दल जे काही लिहायचं ते इथूनच सुरू करायला हवं, म्हणून आकडेमोड आधी मांडली.

पुण्याजवळ महामार्गालगत माझं गॅरेज आहे आणि एअर सस्पेन्शन हेच आमचं मुख्य काम. पूर्वी येणाऱ्या सगळ्या गाड्या प्रवासी वाहतुकीच्या असत. अलीकडे दुसऱ्या जन्मातल्या बस येऊ लागल्या आहेत. कोणाचा फिरता दवाखाना, कोणाची व्हॅनिटी व्हॅन, कोणाचं चाकांवरचं घर. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून हौशी मंडळींची चौकशीही वाढली. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली बस घेताना माणूस इंजिन ऐकतो, एसी लावून बघतो, पत्रा ठोकून बघतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, म्हणून कागदपत्रांसाठीही धावपळ होते. बलून किती वर्षांचे आहेत, हा प्रश्न मात्र जवळपास कोणी विचारत नाही.

पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाडीची अडचण अशी, की पाट्यांचा कडकपणा भरलेल्या गाडीच्या हिशोबाने ठरवावा लागतो. गाडी रिकामी धावली की तीच कमान हाडं खिळखिळी करते. हवेच्या बलूनचं तसं नाही. माणसं चढली, धड थोडं दबलं, की लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो आणि बलूनमध्ये हवा शिरते. गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. दाब वाढला की बलूनचा कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे गाडी भरलेली असो वा रिकामी, तिचा डोलण्याचा ताल जवळजवळ सारखाच राहतो. विल्यम हम्फ्रीज या अमेरिकन माणसाने १९०१ मध्येच वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. पण असा दाब वर्षानुवर्षं सोसेल असं रबर आणि त्यातलं धाग्याचं अस्तर यायला टायरवाल्यांची वाट पाहावी लागली. फायरस्टोनने १९३० च्या दशकात त्यावर काम सुरू केलं. १९५३ मध्ये जनरल मोटर्सची पीडी-४१०४ ही एअर सस्पेन्शनची कोच रस्त्यावर आली आणि पाठोपाठ १९५४ मध्ये ग्रेहाउंडची सीनिक्रूझर. पुढे कंपन्यांनी जुन्या कोच विकायला काढल्या, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनी त्या घेऊन आत पलंग आणि ओटे बसवले. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्व्होची बी७आर आली, पुढच्या वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, आणि एसटीच्या शिवनेरीत बसलेल्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आता रूपांतराकडे येतो. ज्या बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस माणसं दोन्ही बाजूंना सारखी वाटून बसत होती, तिथे सुतार आणि फॅब्रिकेटर येतात. पाण्याची टाकी जागा मिळेल तिथे बसते. ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन पाणी. जनरेटर, बॅटऱ्या, फ्रिज, ग्रॅनाइटचा ओटा, हे सगळं सोयीसाठी एकाच बाजूला जातं, कारण दुसऱ्या बाजूला दार आणि चालायची वाट हवी असते. प्रवासी उतरतात, हे वजन कधीच उतरत नाही.

बहुतेक कोचना तीन लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात, पुढे एक आणि मागे दोन. पुढच्या एका व्हॉल्व्हमधून दोन्ही बाजूंच्या बलूनना हवा जाते, त्यामुळे तिथे डाव्या-उजव्या बाजूचा दाब सारखाच राहतो आणि गाडीचा कल सावरायचं काम एकट्या मागच्या जोड्यांवर पडतं. म्हणून वजन पुढच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं असलं, तरी भोगतो तो मागचा उजवा बलून. मालक म्हणतो, मागे तर काहीच ठेवलेलं नाही. मी त्याला प्रत्येक बाजूचा दाब गेजवर दाखवतो. दोन्ही बाजूंत ठळक फरक दिसला, की आधी टाकी हलवा, मग नवे बलून घ्या, असं स्पष्ट सांगतो. कित्येकांना ते आवडत नाही, कारण फर्निचर झालेलं असतं. पण त्याशिवाय घातलेला नवा बलून लवकरच जुन्याच्या वाटेने जाणार.

रूपांतरित बसचे बलून किलोमीटरने मरत नाहीत, उभं राहून मरतात. बलूनच्या भिंतीत रबराच्या आतल्या-बाहेरच्या थरांमध्ये नायलॉन धाग्याचे आडवेतिडवे थर असतात. खालच्या पिस्टनवर रबराची घडी सतत वर-खाली लोळत असते. गाडी रोज धावली तर ही घडी जागा बदलत राहते. गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी राहिली तर हवा हळूहळू उतरते, धड बंपस्टॉपवर बसतं, आणि घडी एकाच रेषेत चिमटून राहते. मग सुट्टी लागते, कोणीतरी इंजिन सुरू करतो, हवा भरते, आणि नेमकी ती रेष तडकते. वरून बलून काळाभोर, चांगला दिसतो. त्यावरचा मळ हाताने पुसून, टॉर्च धरून, घडीच्या आतल्या वळणात बघावं लागतं. वरवरच्या बारीक भेगा काही काळ चालतात. भेगेतून धागा दिसला, की त्या बलूनवर पुढचा घाटही चढू नये. हबच्या सीलमधून गळलेलं तेल, पिस्टन आणि रबर यांच्यात अडकलेला खडा, सायलेन्सरची धग, याही गोष्टी बलून खातात. तुटलेला शॉकअपही त्यातलाच. अॅक्सल खाली लटकताना त्याला अडवून धरायचं काम बऱ्याच गाड्यांत शॉकअपच करतो. तो तुटला तर मोठ्या खड्ड्यात बलून त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो.

गाडी एका बाजूला बसली म्हणजे बलूनच गेला, असं धरून चालू नये. एका धर्मादाय संस्थेची दातांच्या दवाखान्याची बस आमच्याकडे अशीच आली होती. रात्रभर उभी राहिली की सकाळी डाव्या बाजूला झुकलेली. दुसऱ्या एका गॅरेजने डावीकडचे दोन्ही बलून बदलले होते, तरी झुकणं चालूच. चारही कोपऱ्यांवर चाकाच्या कमानीची उंची रात्री मोजून लिहून ठेवली आणि सकाळी पुन्हा मोजली. मग साबणाचं पाणी घेऊन आधी व्हॉल्व्ह, मग नळीचे सांधे आणि शेवटी बलून, असं तपासलं. फेस आला तो लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टला. व्हॉल्व्ह बदलला आणि बस सरळ उभी राहिली. त्या बसमध्ये खेड्यातल्या शाळांतली मुलं दात दाखवायला चढत होती. बस एका बाजूला कललेली असली की डॉक्टरची खुर्चीही कललेली, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कामाचं मोल वेगळं वाटलं.

गळतीकडे दुर्लक्ष करून कॉम्प्रेसरच्या भरवशावर गाडी हाकणारे पुष्कळ आहेत. ब्रेक आणि बलून यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर एकच असतो. ब्रेकच्या टाक्या आधी भराव्यात आणि मग सस्पेन्शनला हवा जावी, अशी सोय व्हॉल्व्हने केलेली असते. पण सतत चालणारा कॉम्प्रेसर तापतो, तेल आणि ओल पुढे ढकलतो, एअर ड्रायरचं कार्ट्रिज लवकर भिजतं, आणि ती ओल शेवटी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते.

बलून बदलायचं काम पाने फिरवण्याच्या दृष्टीने सोपं आहे. ते ज्या क्रमाने करायचं त्यात सगळं कौशल्य आहे. जमीन कडक आणि सपाट हवी, खडी-मुरमाची नको. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग कंपनीने सांगितलेल्या जागीच जॅक लावून धड उचलायचं आणि धडाखाली घोड्या, म्हणजे जॅक-स्टँड, लावायच्या. नुसत्या जॅकवर, वर-खाली केलेल्या बलूनवर किंवा विटांच्या थरावर कोणीही खाली जाता कामा नये. घोड्यांवर वजन टेकल्याची खात्री झाली, की लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा सोडून खाली करायचा आणि बलूनमधली हवा पूर्ण जाऊ द्यायची. हवेचा आवाज थांबला म्हणजे हवा संपली असं नाही. बलून हाताने दाबून मऊ लागला पाहिजे. त्यानंतरच नळी सोडायची.

नट गंजलेले असणारच. आदल्या दिवशी रस्ट ऑइल मारून ठेवलं तर वरच्या प्लेटमधले स्टड तुटत नाहीत. जुना बलून निघाला की त्याची बैठक तारेच्या ब्रशने घासून बघावी. तिथला पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील, तर नवा बलून बसवणं थांबवून आधी ते काम करावं लागतं. नवा बलून पीळ न पडता, पिस्टनच्या बरोबर मध्यावर बसला पाहिजे. नट आधी हाताने लावायचे, अगदी थोडी हवा देऊन घडी पिस्टनवर नीट उतरलेली बघायची, मग ठरलेल्या टॉर्कला घट्ट करायचे. रिकाम्या बलूनवर धड उतरवलं तर घडी चुकीची पडते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी चिमटतं. उलट, वर वजन किंवा अडसर नसताना बलूनमध्ये पूर्ण दाब भरणं हे तर फटाका हातात धरण्यासारखं आहे.

शेवटी उंची. धड आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर कंपनीच्या मापाने मोजून दांडा लावायचा. नजरेने नको. गाडी दिसायला उंच हवी म्हणून काही मालक दांडा लांब करायला सांगतात. तसं केलं की प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात, शॉकअप टोकाला जातो आणि बलूनला ताणायला जागा उरत नाही. मी ते करत नाही.

जोडीतला एक बलून गेला तर त्याच अॅक्सलवरचे सगळे बदलावेत, कारण त्यांचं वय एकच असतं. विकत घेताना रबरावरची उत्पादनाची तारीख वाचावी. गोदामात पडून राहिलेला बलून नवा नसतो, आणि अनोळखी बनावटीचा स्वस्त माल तर चढावरच नव्हे, उभ्या गाडीतही भरवशाचा नाही.

माझी मालकांना एकच विनंती आहे. कॅरव्हॅनच्या पडद्यांवर, दिव्यांवर, म्युझिक सिस्टिमवर खर्च करता, त्यात पूर्ण बसचं वजन पेलणाऱ्या दणकट घोड्यांची एक जोडी आणि चार लाकडी ठोकळे जरूर घ्या आणि ते गाडीतच ठेवा. रस्त्यात गाडी बसली आणि कुठल्याशा धाब्यावरचा पोऱ्या पाना घेऊन खाली शिरायला लागला, तर त्याला थांबवा. आधी घोड्या लावू द्या.