नेट कथा गयं?

धाकट्या बहिणीचा ॲडमिशनचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. रात्रीचे साडेदहा. एरंडोलच्या घरात वायफायच्या कांड्या फुल, पण पेज काही उघडेना. खाटेवरून आजी म्हणाली, "नेट कथा गयं रे?"

कथा म्हणजे कुठे. आजी अहिराणीतच बोलते. मी पुण्यात नेटवर्क सपोर्टची नोकरी करतो. लोक मला रोज विचारतात, नेट का गेलं? कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. खरा प्रश्न मात्र तोच असतो.

लॅपटॉपवरून 192.168.1.1 ला पिंग केलं. लगेच उत्तर आलं. हा आमच्या राऊटरचा पत्ता. सेटिंगमध्ये त्याच्यासमोर 'गेटवे' लिहिलेलं असतं. म्हणजे वेशीपर्यंत सगळं ठीक होतं, रस्ता वेशीबाहेर तुटला होता. कांड्या फक्त वेशीपर्यंतचंच सांगतात.

"गेटवे म्हणजे काय रे दादा?"

मला पाचोरा आठवलं. लहानपणी आईबरोबर चाळीसगावहून जामनेरला मावशीकडे जाताना पाचोऱ्याला गाडी बदलावी लागे. मोठ्या लाइनच्या रुळांत 1,676 मिलिमीटरचं अंतर, जामनेरच्या 'पीजे'चं 762. एकीचा डबा दुसरीवर चालणं शक्यच नाही. मग बोचकी उचलायची आणि पलीकडच्या गाडीत बसायचं. माणूस तोच, मुक्काम तोच, गाडी वेगळी. राऊटरही हेच करतो. वायफायचं पाकीट फोडतो, आतली चिठ्ठी फायबरच्या पाकिटात घालतो. जायचा पत्ता बदलत नाही. परतीचा पत्ता तेवढा स्वतःचा लावतो आणि कुणाची चिठ्ठी होती ते लक्षात ठेवतो.

1974 मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी हे कागदावर मांडलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. कुठल्याही नेटवर्कने आतून बदलायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. रेडिओवाल्याने रेडिओच राहावं, उपग्रहवाल्याने उपग्रह. फक्त चिठ्ठीवर पत्ता कसा लिहायचा, एवढं सगळ्यांनी मान्य करायचं. हाच प्रोटोकॉल. 22 नोव्हेंबर 1977 ला कॅलिफोर्नियात धावत्या व्हॅनमधून निघालेली पाकिटं रेडिओ, तारा आणि उपग्रह अशा तीन नेटवर्कांतून युरोपला जाऊन परत लॉस एंजेलिसला पोचली. आपल्याकडे असं दार पहिल्यांदा जुहूला उघडलं, एनसीएसटी या सरकारी संस्थेत. 1980 च्या दशकाच्या शेवटी 'अर्नेट'वरच्या आयआयटींचा ईमेल तिथूनच परदेशी जायचा. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून.

पीजे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. आता तिचं ब्रॉडगेज मंजूर झालंय. रेल्वेसाठी ते बरोबरच आहे, बोचकी उचलून कुणाला हौस आलीय? पण आमच्या घरातही एक ब्रॉडगेज झालं. शाळेत अहिराणी बोललं की पोरं हसायची. मी पाचवीतच ती सोडली. समजते सगळी, पण बोलताना जीभ वळत नाही. बहिणीशी तर घरात कुणी अहिराणीत बोललंच नाही. आजी जुन्या गोष्टी सांगते तेव्हा ही नुसती मान हलवते. मधे मी असलो तर ठीक. मी पुण्याला असलो की दोघी एकमेकींना बघून हसतात आणि गप्प बसतात.

कस्टमर केअरवर हिंदीत रेकॉर्ड वाजत होती. शेवटी फोनचं हॉटस्पॉट लावलं. दार बदललं, पत्ता तोच. अकरा चाळीसला फॉर्म गेला.

"भराई गया का फारम?" आजीने विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"फॉर्म भरला का विचारतेय," मी म्हणालो.

"हो आजी, भरला!"

"काय म्हने ती?" आजीने मला विचारलं.