शाळेतला छळ आणि पालकांची पहिली दहा मिनिटं

शाळा सुरू झाल्या की माझ्या ओपीडीत पोटदुखीची मुलं वाढतात. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. दुखणं सोमवारी सकाळी जास्त, दिवाळीच्या सुट्टीत नावालाही नाही. पालक म्हणतात, "नाटकं आहेत हो डॉक्टर, शाळा नको म्हणून." पण बहुतेक वेळा ते नाटक नसतं. मनावर ताण आला की आतड्यांच्या हालचाली बदलतात आणि पोटात खरोखर कळ येते. अशा मुलांना मी हमखास विचारते, "मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस?" बरीच मुलं पटकन चार नावं सांगतात. काही मुलं खाली बघतात.

आठवीतली एक मुलगी अशीच खाली बघत राहिली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा ती बोलली. वर्गातल्या काही मुली तिला रंगावरून हाका मारत, ती डबा उघडून बसली की उठून जात, तिचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून हसत. पाच महिने हे चाललं होतं. "घरी का नाही सांगितलंस?" "बाबा शाळेत जाऊन भांडतील, मग त्या जास्त त्रास देतील. आणि आई मोबाइल काढून घेईल." मग हळूच म्हणाली, "कधी कधी वाटतं, झोपले तर उठूच नये." मी त्याच दिवशी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

चेष्टा कुठे संपते?

मैत्रीतल्या चेष्टेत दोघंही हसतात आणि उद्या पारडं फिरतं. छळात तसं होत नाही. तो मुद्दाम असतो, पुन्हा पुन्हा होतो आणि सोसणाऱ्याची बाजू कमजोर असते. ही व्याख्या मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांची. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारने शाळांमध्ये देशभर मोहीम सुरू केली. बर्गन शहरात ओल्वेयस यांनी सुमारे २,५०० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा छळाचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. म्हणजे मोठ्यांनी लक्ष घातलं तर हे थांबू शकतं. "मुलं आहेत, चालायचंच" हे खरं नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या सगळ्या छळामुळे नव्हेत. आत्महत्येला सहसा एकच कारण नसतं. नैराश्य, अभ्यासाचं ओझं, घरातली भांडणं, एकटेपणा असं बरंच काही साचत जातं. छळ त्यात मोठी भर घालतो.

पहिली दहा मिनिटं

मूल बोलायला लागलं की आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? "तूही दे एक ठेवून." "तूच काहीतरी केलं असशील." "आमच्या वेळी तर मास्तरच मारायचे." किंवा चपला घालून थेट शाळेत. या चारही गोष्टींतून मूल एकच धडा घेतं, पुन्हा घरी सांगायचं नाही.

त्याऐवजी आधी ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा. पुढचं पाऊल त्याला विचारून टाका. काय झालं, कधी झालं हे तारखेसह लिहा, स्क्रीनशॉट ठेवा आणि वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांना लेखी द्या. त्या मुलीच्या वडिलांनी हेच केलं, तिला विश्वासात घेऊन. दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हणा" असा समेट मात्र टाळा. सोसणाऱ्याला ती आणखी एक शिक्षाच ठरते.

मूल चिडचिडं झालं, झोप बिघडली, मित्र तुटले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, "मी नसलो तर बरं" असं म्हणालं, तर स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

आणि शाळेतून तक्रार आपल्याच मुलाची आली तर? "आमचा असं करणारच नाही" म्हणून विषय मिटवू नका. छळ करणाऱ्या मुलांमध्येही नैराश्य आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात. त्यालाही थांबवणारं आणि समजून घेणारं कोणीतरी हवं असतं.

टेली-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत, चोवीस तास चालू असतात. फोनमध्ये आजच सेव्ह करा आणि मुलांनाही सांगून ठेवा.